लाल फडक्याच्या खाली

मित्रांनो, आज खाणीवर जे झालं ते लिहितोय.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी कुंभिवलीजवळच्या, पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत स्कूबाच्या सरांच्या हाताखाली आहे. आज भिसेगावची 'ती' शिकायला आली. माझा तिच्यावर जीव आहे हे आपल्या ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत आहे, तिलाही.

खाणीत सोडलेल्या दोरीला बारा मीटरवर लाल फडकं बांधलंय. नवख्यांनी त्याखाली जायचं नाही.

"नदीत पोहत वाढलेय रं मी," ती हसली.

सर मला हळूच म्हणाले, "पोहणाऱ्यांवरच जास्त लक्ष ठेव. त्यांना श्वास रोखायची सवय असते."

फडक्यापाशी पोचलो आणि ती सरळ खाली सुटली. मी तिच्या जॅकेटचा पट्टा धरला. ती चिडून पाय मारत थेट वर निघाली, आणि तिचे बुडबुडेच थांबले! श्वास रोखून वर गेलं की आतली हवा फुगते, फुप्फुस फाटू शकतं. ती मला ढकलत होती, मी पट्टा सोडत नव्हतो, 'श्वास सोड' म्हणून खुणावत होतो. शेवटी बुडबुडे आले.

काठावर सगळ्यांसमोर तिने कानाखाली दिली. "संधी साधतोस काय रं?"

माझंही डोकं फिरलं. "मेली असतीस गं!" मी ओरडलो.

ती निघून गेली. मला ब्लॉक केलंय.

तुमच्यापैकी कुणी तिच्या ओळखीचं आहे का? तिला एवढंच सांगा, माझ्याशी बोलू नकोस, पण पाण्यात श्वास चालू ठेव.