बायकांचा नाताळ आणि मारिसेल

सहा जानेवारीला वेस्ट कॉर्क या आयरिश भागातल्या बायका स्वयंपाकघराकडे पाठ फिरवतात. नाताळाचे बारा दिवस राबून काढलेले असतात. शेवटच्या दिवशी घर पुरुषांच्या हवाली करून त्या हॉटेलात चहाला जमतात. घरी कुणीतरी बटाटे करपवत असतो. हा बायकांचा नाताळ.

गावातल्या वृद्धाश्रमात काम करणारी मारिसेल मात्र एकोणीस वर्षं त्या दिवशी हट्टाने ड्यूटी मागून घेत आली. तुम्ही जा, मी आहे ना, असं ती बाकीच्यांना सांगे. त्या तिचे आभार मानत, दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी केक आणत. तिलाही चल म्हणावं, हे कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही. ती फिलिपिन्सची, ती तिकडे असतानाच नवरा वारलेला. ज्यांच्या घरी कामाला जुंपायला पुरुष आहे आणि ज्या इथल्या आहेत, त्यांचा हा सण, अशी तिची सरळ समजूत होती. त्यात कडवटपणा नव्हता.

यंदा आश्रमात हॅना क्रोली होती. एक्क्याण्णव वर्षांची, जन्मभर गाईंच्या धारा काढलेली, नुकतीच छातीच्या दुखण्यातून उठलेली. तिला उपाशी राहू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या सकाळी मारिसेलने पुढे केलेली लापशी हॅनाने बाजूला सारली. दुपारचं सूपही तसंच परत गेलं. तीन वाजेपर्यंत मारिसेलचा धीर सुटला. आपल्या हातून काय घडलं, ते तिला आठवेना. शेवटी ती हॅनाच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली.

"हॅनाबाई, माझं काही चुकलं का?"

"चुकलं ना. आज तारीख काय?"

"सहा."

"मग? साठ वर्षं मी गोठ्यात राबले. वर्षातला हा एक दिवस नवरा अंडी उकडायचा. दगडासारखी व्हायची, पण मी उठले नाही. आज मी बाईच्या हातचं खाणार नाही."

मारिसेल म्हणाली की ती इथे पगारावर आहे, आणि तिचा हा सण कुठे, ती काही इथली नव्हे.

"एकोणीस वर्षं ढुंगणं कुणाची पुसत्येस मग, परदेशातल्यांची?" हॅना म्हणाली. "तू बस. तुला कुणी करून घातलं की मी खाईन."

टीव्हीसमोर दोघेजण बसले होते. निवृत्त पोस्टमन फिनबार, आणि टायग हार्नेडी, चौऱ्याऐंशी वर्षांचा ब्रह्मचारी. टायगला आजवर आधी आईने, मग बहिणीने आणि मग या आश्रमाने चहा हातात आणून दिला होता. हॅनाने काठी आपटून दोघांना उठवलं. कोपऱ्यातल्या किटलीपाशी त्यांची बराच वेळ कुजबुज चालली. पाणी आधी की पुडी आधी, यावर मतभेद झाले.

"चहा करताय का गुरांचं औषध?" हॅनाने बसल्या जागेवरून विचारलं.

मारिसेल शेजारच्या खुर्चीवर बसली खरी, पण दोनदा उठू लागली. दोन्ही वेळा हॅनाची काठी तिच्या मांडीवर आडवी आली.

अखेर टायग कप घेऊन निघाला. अर्धा चहा बशीत उतरला. मागून फिनबार फळांच्या केकची विटेएवढी कापलेली फोड लोण्याने माखून आणत होता. टायगने कप मारिसेलपुढे ठेवला आणि दुधाचा जग हातात धरून तसाच उभा राहिला.

"माझ्या चहात दूध किती, ते तुला झोपेतही सांगता येईल," तो म्हणाला. "तुला किती लागतं, ते मला ठाऊक नाही. कधीच विचारायला हवं होतं, बाई."

मारिसेलने कप त्याच्याकडे सरकवला.

"अगदी थोडं," ती म्हणाली.

त्याने जपून, थेंब मोजावेत तसं दूध घातलं. चहा डांबरासारखा काळा आणि कडू झाला होता. मारिसेल तो घोट घोट प्यायली, केक खाल्ला, आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसली. टायगच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला.

हॅनाने मारिसेलचा घास गिळून होईपर्यंत वाट पाहिली. मग हात पुढे केला, तोही टायगकडे.

"आण आता माझा. आणि सूप गरम करून आण."