आत्यांना भाताची खाचरं बघायची होती

पुनावळ्यातल्या आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर एक कोरियन जोडपं भाड्यानं राहायला आलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. नवरा चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर. सकाळी कंपनीची गाडी त्याला घेऊन जायची आणि बायको दिवसभर गॅलरीत उभी राहून समोरच्या बांधकामाकडं बघत राहायची. माझ्या सासूबाईंना ते बघवेना. मी त्यांना आत्या म्हणते. एका दुपारी त्यांनी तिला हाताला धरून खाली आणलं, स्वयंपाकघरात बसवलं आणि तिच्यापुढं इंद्रायणी तांदळाचा गरम भात वाढला. पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. आमच्या या भाताची शितं एकमेकांना धरून असतात. तिच्या गावचा भातही अगदी असाच असतो, हे तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत आम्हाला सांगितलं.

"मग रडती कशाला गं? आजून घे की," आत्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून ती आत्यांना 'आई' म्हणायला लागली. ती लोणच्यासारखा काहीतरी आंबट-तिखट कोबी घालायची आणि वाटीभर खाली आणून द्यायची; आत्या तिला भाकरी थापायला शिकवायच्या. दोघींची एक वेगळीच भाषा तयार झाली होती. थोडी हिंदी, थोडी मराठी, बाकी हातवारे. पुढं नवऱ्याची बदली झाली आणि ते परत निघाले. जाताना ती आत्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, तुम्ही या. माझ्या आईचा गाव, सगळा राइस. इकडे राइस, तिकडे राइस."

असं निघताना सगळेच म्हणतात. पण आत्यांनी ते खरं धरलं.

आमचीही भाताची खाचरं होती. आत्या या घरात लग्न होऊन आल्या तेव्हापासून दर पावसाळ्यात त्यांनी गुडघाभर चिखलात उभं राहून आवणी केली, भाताची रोपं लावली. आता तिथं टॉवर आहेत. त्याबद्दल त्या कधी हळहळल्या नाहीत. जमीन गेली पण घर झालं, पोरं मार्गी लागली, असंच सांगतात. पण ती गेली त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "मला तिच्या गावचं भात बघायचंय. एवढ्या लांबचं आन आपल्यावानी कसं, ते बघायचंय. तू नेशील का?"

त्यांनी हे त्यांच्या मुलाला नाही विचारलं, मला विचारलं. मी हो म्हणून बसले.

माझं माहेर चिखलीचं. वडील लातूरकडून येऊन इथं कंपनीत लागले, मी इथंच शिकले आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला लागले. कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये भरायचा, ट्रक कधी सुटायचा, रस्त्यात अडकला तर दुसरा कुठून पाठवायचा, हे माझं काम. माल वेळेत पोचला नाही तर माल घेणाऱ्या कंपनीची उत्पादनाची लाइन थांबते, म्हणून माझ्या डोक्यात कायम घड्याळ चालू असतं. पण मी स्वतः गोव्याच्या पुढं गेले नव्हते. विमानात बसले नव्हते. कोरिया नकाशावर कुठं आहे हेसुद्धा मी त्या दिवशी शोधून बघितलं.

मग महिनाभर, शिफ्ट संपवून आल्यावर, मी लॅपटॉप घेऊन बसायचे. फिरून आलेल्यांचे व्हिडिओ बघितले, विमानं बघितली, रेल्वे बघितली. आपल्या फोनमधला नेहमीचा नकाशा तिकडं पायी जायचा रस्ता नीट दाखवत नाही, त्यांचा वेगळा नकाशा घ्यावा लागतो, हे कळल्यावर तो घेऊन मी पुनावळ्यात बसून सोल शहराच्या गल्ल्या फिरले. एका रविवारी सगळा बेत टीव्हीवर लावून आत्यांना दाखवला. सोलमधले राजवाडे, डोंगरावरचा मनोरा, मग समुद्रकाठचं शहर, मग विमानानं एक बेट, परत येताना जुन्या राजांच्या समाध्या, आणि मध्ये एक दिवस आमच्या त्या कोरियन मैत्रिणीचं गाव. एक तास रिकामा ठेवला नव्हता. मला वाटलं, आत्या खूश होतील.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगलं हाय. पन ह्याच्यात बसायचं कुठं?"

"म्हणजे?"

"अगं, मानूस गावाला जातं तवा कुठंतरी टेकतं. च्या पितं. कोन येतंय, कोन जातंय, बघतं. तू तर मला ट्रकात भरून चाललीस."

माझा नवरा हसायला लागला. मला आधी राग आला, मग मीही हसले. बेट काढून टाकलं, समाध्या काढल्या, समुद्र काढला. सोलमध्ये थोडे दिवस आणि बाकी सगळा मुक्काम नैर्ऋत्येकडच्या त्या भाताच्या मुलखात. तो पट्टा परदेशी पाहुण्यांच्या बेतात सहसा नसतोच. सहलीच्या दोन कंपन्यांना मी विचारलं, तर त्यांनी तिथं काय बघणार, असा उलटा प्रश्न केला. म्हणून सगळं आपणच ठरवायचं, असं ठरलं. आवणी तिकडं मे-जूनमध्ये होते, हे मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. मेअखेरची तिकिटं काढली.

घरात खळबळ उडाली. धाकटे दीर पिंपळे गुरवला राहतात, ते मुद्दाम आले. मनानं चांगले आहेत, आईवर जीव आहे. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही ऑफिसात बसून गाड्या लावता ते वेगळं. तिथं ना आपली भाषा, ना आपलं माणूस. आईचे गुडघे असे. गाडी चुकली तर काय करणार?"

"पुढची पकडणार," मी म्हणाले.

"त्यापेक्षा मी दुबईचं पॅकेज काढतो. मराठी गाइड, मराठी जेवण. आई, जा मजेत."

आत्या लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दुबईत भात पिकतं व्हय?"

आत्यांनी सूप बाजूला ठेवलं. "जिमीन दिली तवा कागदावर माझी सही लागली व्हती. समद्यांनी म्हटलं, आई, हितं कर, तितं कर. मी केली. आता हे माझं मी ठरवलंय. हिच्यावर माझा इस्वास हाय. तू काळजी करू नगंस, ईमानतळावर सोडाया ये."

व्हिसा मंजूर झाला. आत्यांनी नऊवारीवर घालायला दोन स्वेटर काढले, मैत्रिणीसाठी इंद्रायणीची पिशवी भरली; तांदूळ तिकडं नेता येत नाही म्हटल्यावर नाइलाजानं परत डब्यात ओतली आणि त्याऐवजी तिच्या आईसाठी खणाचं कापड घेतलं. सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं, आणि निघायला थोडे दिवस उरले असताना मैत्रिणीचा मेसेज आला. तिचे वडील पडले होते, खुब्याचं ऑपरेशन होतं. ती आणि तिची आई शहरातल्या हॉस्पिटलात. आम्हाला न्यायला ती येऊ शकत नव्हती, घरी ठेवून घेऊ शकत नव्हती. तिनं पुन्हा पुन्हा माफी मागितली होती.

मी ते वाचून दाखवलं. नवरा हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी जा. तिकिटांचं बघू."

मलाही क्षणभर तेच वाटलं. गावातला मुक्काम, तिथली ये-जा, भाषा, सगळं तिच्या भरवशावर होतं. मी आत्यांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "दुखनं असलेल्या घरात पाव्हनं म्हनून जाऊ न्हाई. पन भेटाया जावं. ती हितं एकटी व्हती तवा आपन व्हतो की. राहायचं दुसरीकडं बघ. तुला जमतंय."

त्या दोन शब्दांवर मी परत लॅपटॉप उघडला. ट्रक बंद पडल्यावर मी जे करते तेच केलं: जे पोचायलाच हवं ते आधी, बाकी नंतर. तिच्या गावाजवळच्या तालुक्याच्या गावात एका घरगुती लॉजवर फोनमधल्या अनुवादातून बोलून खोली ठरवली, खालच्या मजल्यावरची. स्टेशनपासून बस कुठून सुटते ते शोधलं. हॉस्पिटलचा रस्ता बघून ठेवला.

आणि आम्ही गेलो. सोलच्या मेट्रोत आत्यांची नऊवारी बघून एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांनी आत्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. आत्यांनीही बसल्या जागेवरून हात जोडले. राजवाड्याच्या अंगणात आम्ही निवांत बसलो, कोण येतंय जातंय बघत. एकदा मी आत्यांना घेऊन उलट्या दिशेच्या मेट्रोत चढले. कळल्यावर उतरलो, पुढची पकडली. मग जलद रेल्वेनं खाली नैर्ऋत्येला. खिडकीबाहेर डोंगर मागं पडले आणि पाण्यानं भरलेली खाचरं सुरू झाली, आभाळाचं प्रतिबिंब पडलेली, संपता संपेनात. आत्या काचेला कपाळ टेकवून बसल्या. म्हणाल्या, "आगं, पानी बघ कसं बांधलंय."

हॉस्पिटलात गेलो तेव्हा मैत्रीण धावत आली आणि लहान मुलीसारखी आत्यांना बिलगली. तिचे वडील बरे होत होते. तिच्या आईनं खणाचं कापड दोन्ही हातांत घेतलं, उलगडून बघितलं आणि खांद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी, वडिलांजवळ तिचा भाऊ बसला म्हणून, दोघी मायलेकी आम्हाला घेऊन गावाला निघाल्या.

त्यांच्या खाचरात आवणी चालू होती. एक शेजारी यंत्रावर बसून रोपं लावत होता. यंत्र सरळ ओळीत पळत होतं आणि वळताना कोपरे सुटत होते. त्या सुटलेल्या कोपऱ्यांत दोन म्हाताऱ्या वाकून हातानं रोपं लावत होत्या. आत्या बांधावर उभ्या राहून बघत राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या.

"आत्या, गुडघे," मी म्हणाले.

"गुडघं जिन्याला दुखत्यात. चिखलाला न्हाई."

कासोटा वर खोचून त्या उतरल्या. एका म्हातारीच्या हातातली रोपांची जुडी मागून घेतली आणि लावायला लागल्या. ती म्हातारी थोडा वेळ बघत राहिली, मग तिच्या भाषेत काही बोलून मोठ्यानं हसली आणि शेजारी वाकली. तो कोपरा त्या तिघींनी पुरा केला. यंत्रावरचा माणूसही यंत्र थांबवून बघत होता. मी मोबाइल काढला, पण डोळ्यांपुढं नीट दिसत नव्हतं, म्हणून फोटो तिरपे आले आहेत.

काम झाल्यावर सगळ्या बांधावर बसल्या. मैत्रिणीच्या आईनं तांदळाच्या वड्या आणि गार चहा आणला. ती काहीतरी विचारत होती. मैत्रिणीनं आत्यांना सांगितलं, "माझी आई विचारते, इतका लांब, तुम्ही कशी आली? कोण आणला?"

आत्यांनी चिखलाचा हात माझ्या पाठीवर ठेवला. "हिनं. माझ्या सुनंनं. कुठं उतरायचं, कुठं बसायचं, समदं हिनं ठरवलं. सांग त्यास्नी. नीट सांग."

मैत्रिणीनं सांगितलं. नीट सांगितलं असावं, कारण त्या सगळ्या बायका माझ्याकडं वळून बघायला लागल्या आणि एकीनं माझ्या हातावर थोपटलं. कंपनीत माझा माल वेळेत पोचला तर कुणी काही म्हणत नाही, तो पोचायचाच असतो. मी मान खाली घालून वडी खात राहिले. माझ्या नव्या कुर्त्यावर मागं पाच बोटं उमटली होती, ती मला लॉजवर गेल्यावर दिसली. आत्या मात्र केव्हाच पुढच्या बोलण्यात रमल्या होत्या. पाणी कुठून येतं, खत काय घालता, कापणी कधी, एकामागून एक विचारत होत्या, आणि मैत्रीण घाम पुसत पुसत सांगत होती.