रंभेच्या राघोचा शोध

हे नारायणा, जगाने टाकलेली नावेही तुझ्या मुखी असतात. ऐलतीरी कोण रडले, पैलतीरी कोण पडले, हे तुझ्यावाचून कोणाला ठाऊक? तुझ्या चरणी माथा टेकावा आणि मनामाच्या दत्तप्रसाद तुळसकरांची कथा आरंभावी.

दत्तप्रसाद मूळचे वेंगुर्ल्याकडचे, बहारीनच्या एका व्यापारी पेढीत हिशेबनीस. बाब अल बहरीन या जुन्या वेशीमागच्या गल्लीत बिऱ्हाड. घरी पत्नी सुनंदा, लेक स्पृहा आणि वडिलांची थोरली बहीण काशीआत्या. आत्याने ऐंशी गाठली होती आणि तिच्या जिवाला घोर एकच होता, तिचे आजोबा राघो.

राघो ऐन तारुण्यात मलबारातल्या माहे बंदरातून फ्रेंचांच्या रेयुनियाँ बेटावर उसाच्या मळ्यात करारावर गेला. मागे पत्नी रंभा आणि रांगते मूल. पुन्हा निरोप आला नाही. रंभेने मरेपर्यंत कुंकू पुसले नाही. हिरव्या लुगड्यातच ती सरणावर चढली. म्हणून घर तिचे पान सवाशिणीच्या तिथीला, अविधवा नवमीला वाढत आले. राघोला मात्र कोणी तिळाचे पाणी दिले नाही. गाव म्हणे, त्याने तिकडे दुसरे घर केले, तिकडची मुले देतील.

“दत्ता,” आत्या म्हणे, “त्याला तिथे पाणी देणारं कुणी आहे का, एवढंच बघ. नसेल तर तो अजून तहानलेलाच असेल रे.”

मनामातल्या फ्रेंच वाचनालयात नूरबानो कामाला होती. गुजराती मुसलमानाची लेक, त्याच बेटावर जन्मलेली, लग्न होऊन इकडे आलेली. बेटावरच्या सरकारी दप्तरखान्याला ती दत्तप्रसादांच्या वतीने फ्रेंचमध्ये पत्रे लिही. जहाजांच्या याद्या चाळून उत्तर येई, तुळसकर नावाचा कोणी उतरलाच नाही. “दत्ताभाई, एक बार और लिखेंगे, इंशाल्ला,” ती म्हणे. दोन वर्षे अशी गेली.

एकोणीसशे पंच्याण्णवच्या भाद्रपदाआधी आत्याने सहज विचारले, “तू लिहितोस तरी काय त्यांना?”

“राघो विठू तुळसकर.”

आत्या आधी हसली. “अरे मेल्या! आपण तुळसकर कधीपासून? माझ्या बाबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी तुळस गावावरून आडनाव लावलं. आजोबा गेला तेव्हा आडनाव होतं कुठे? दोन वर्षं कुणाला शोधत होतास?”

“म्हणजे वुई आर नॉट ईव्हन तुळसकर?” स्पृहा म्हणाली.

“तू गप गो!” सुनंदा म्हणाली, पण आत्याचे हसू तोवर मावळले होते.

नवे पत्र गेले, राघो, बाप विठू. पितृपक्ष लागला आणि दप्तरखान्यातून नोंदीची नक्कल आली. नूरबानो थांबत थांबत सांगत गेली. जहाजातून उतरला. ज्वर. त्याच वर्षी मळ्याच्या इस्पितळात मृत्यू. बेटावर वारस नाही. पत्नी, रंभा, गावी.

“दत्ताभाई, उन्होंने दूसरा घर नहीं किया,” ती हलकेच म्हणाली. “उन्हें तो वक़्त ही नहीं मिला.”

दत्तप्रसाद घरी आले. ज्याला घरादाराने दोष दिला तो कोवळा जीव एकटाच विझला होता. आणि जिला सवाशीण म्हणून पुजले तिचे सौभाग्य मूल चालू लागण्याआधीच सरले होते. त्यांनी आत्याला सारे सांगितले. मग चाचरत विचारले, “आत्या, पणजीची नवमी चुकलीच म्हणायची. तिथी बदलायची का?”

आत्याने आपल्या कपाळावरून बोट फिरवले. ती बालविधवा. बाहुल्या खेळायच्या वयात तिचे कपाळ मोकळे झाले होते.

“माझं कुंकू पुसलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली. “तिचं मी पुसणार नाही. पान नवमीलाच वाढ. आणि त्याला अमावास्येला पाणी दे.”

सर्वपित्रीला बहारीनमधल्या झल्लाकच्या किनाऱ्यावर दत्तप्रसाद गुडघाभर पाण्यात उभे राहिले. ओंजळीत काळे तीळ, ओठांवर राघो, विठूचा पुत्र. वाळूवर बसलेली आत्या न पाहिलेल्या आजोबांसाठी लहान मुलीसारखी हुंदके देत होती. “चुकलो हो आम्ही, आजोबा. घ्या, प्या.”

नारायणा, या आत्याच्या उरातला घोर निवव. दत्तप्रसादांचे हात असेच देते राहोत, सुनंदेची चूल उबदार राहो, स्पृहेला आपल्या माणसांची माया कळो. आणि या घरातून जो कोणी समुद्र ओलांडेल, तो सुखरूप परत येवो.