रिलीवर येईपर्यंत

दुर्गजवळच्या आमच्या कोहका वस्तीत कुणाच्या पोरीनं काय दिवे लावले, याची बातमी सगळ्यात आधी नरहरीच्या पानठेल्यावर पोचते. सुजाताची बातमीही मला तिथेच कळली. पानाला चुना लावता लावता नरहरी म्हणाला, "लहानूची पोरगी मिशनवाल्यांसोबत आफ्रिकेत जाऊन राहिली म्हणते. पाहजो, धर्म बदलूनच येते."

माझं डोकं तसं लवकर तापतं. मी म्हटलं, "तुया पोरगा बारावीत दोनदा लटकला, त्याची काळजी कर ना बापा!" आणि पान न घेताच निघालो. पुढचे चार दिवस मला दुसऱ्या ठेल्यावरचं कडवट पान खावं लागलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. सुजाताबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही.

सुजाता म्हणजे लहानू मेश्रामची एकुलती एक मुलगी. लहानू भंडाऱ्याकडचा, मी गोंदियाकडचा. दोघंही इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या, भट्टीवर लागलो आणि बत्तीस वर्षं तिथेच भाजून निघालो. भट्टीत कोळसा ओतायची गाडी एकच, आमच्या पाळ्या वेगळ्या. बरेचदा तो उतरायचा आणि मी चढायचो. गाडीवरचा माणूस बदलीचा माणूस आल्याशिवाय खाली उतरत नाही, हा तिथला नियम. त्या बदलीच्या माणसाला आम्ही रिलीवर म्हणतो. रिलीवर आला की त्याला सांगायचं, ब्रेक ढिला आहे, अमुक भट्टीचं दार चिकटतं, वहीत सही करायची आणि मग घरी जायचं. याला चार्ज देणं म्हणतात. रिलीवर आलाच नाही तर पुढचे आठ तासही तुमचेच. काही जण फोरमनची नजर चुकवून सटकायचे. लहानू कधीच सटकला नाही. माझ्याबद्दल मी मागाहून सांगतो.

या नियमापायी लहानूच्या घरी एकदा मोठं रामायण झालं. सुजाता दहावीला शाळेत पहिली आली. बक्षीस समारंभ दुपारी चारला होता आणि लहानूची पाळी दोनला संपणार होती. तिची आई कांता हिरवं लुगडं नेसून तयार होती, लहानूचा इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावलेला होता. त्या दिवशी रिलीवर आला नाही. लहानू रात्री अकराला काळाठिक्कर पडून घरी पोचला, तेव्हा पोरगी बक्षिसाची ढाल उलटी ठेवून झोपली होती. सकाळी ती बापाला म्हणाली, "तुमाले भट्टी मोठी, मी लहान." लहानू एवढंच म्हणाला, "रिलीवर नाही आला, बेटा." कोण नाही आला, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. ती महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण समारंभाचं काही निघालं की तिचा चेहरा बदलायचा. बारावीच्या बक्षिसाला तिनं त्याला बोलावलंच नाही.

स्वभावानं ती अशी खमकी. नर्सिंगला गेल्यावर तर आमच्या गल्लीचं काही खरं राहिलं नाही. सुट्टीत घरी आली की रक्तदाबाचं यंत्र घेऊन दारोदार फिरायची. मला म्हणायची, "काका, लोणचं बंद करा." मी म्हणायचो, "मंग जगून काय करू?" यावर ती माझ्या बायकोकडून लोणच्याची बरणीच उचलून नेई. ही पोरगी आपल्या घरात का जन्मली नाही, असं मला नेहमी वाटत आलंय, हे इथे कबूल करून टाकतो.

तिचं नर्सिंग कॉलेज मिशनचं होतं. शेवटच्या वर्षाला तिथून आठ विद्यार्थिनींची तुकडी सहा आठवड्यांसाठी मलावीला जायची होती. मिशनच्या दवाखान्यात पाळीपाळीनं सेवा, दुपारी तिथल्याच डॉक्टरांकडे तास. सोबत त्यांचे शिक्षक विजयकुमार सर. निवड झाली त्या दिवशी सुजातानं सरांना स्पष्ट सांगितलं, "सर, आम्ही बौद्ध आहोत. प्रार्थनेला मी बसीन, पण वंदना माझीच म्हणीन." सर म्हणाले, "पेशंट को दोनों चलेगा." लहानूला हे उत्तर इतकं आवडलं की त्यानं ते मला तीनदा सांगितलं.

खरी गोष्ट पुढे होती. त्या आठ जणींमधून एकीला तिथेच वर्षभर बाळंतपणाचं खास शिक्षण मिळणार होतं, सगळा खर्च मिशनचा. सुजाताला तेच हवं होतं. कांताची दोन बाळंतपणं सुजाताच्या आधी वाया गेली होती, आणि ते ऐकत ऐकत ही मोठी झाली होती. जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "काका, ती एक सीट मले पाहिजे. बाकी काहीच नाही पाहिजे."

तिकडून आठवड्याला फोन यायचा. लहानू स्पीकर लावायचा, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. तिकडच्या बायका बाळाला पाठीशी रंगीत कापडानं बांधतात, मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं हातानं खातात, वॉर्डात गाणी म्हणतात. सुजाता त्यांची भाषा शिकत होती. तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ उघड्या छातीशी धरून कापडानं बांधायचं आणि माणसाच्या उबेवर जगवायचं. आई आजारी असेल तर मावशी, आजी, कुणीही बांधून घ्यायचं. "यंत्र नाही लागत, बाबा. माणूस लागते फक्त," ती म्हणाली. लहानू आपला हूं, हूं करत होता, पण त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

पाचव्या आठवड्यात कळलं की सीटसाठी शेवटी दोघींची नावं उरली आहेत, सुजाता आणि तिची मैत्रीण टीना. सरांचं मत सुजाताकडे होतं. मुलाखत शहरात, दवाखान्यापासून तीन तासांवर. घेणाऱ्या डॉक्टरबाई त्याच दिवशी विमानानं परत जाणार, त्यामुळे पुढची तारीख नाही. दवाखान्याची गाडी सकाळी साडेसातला निघणार होती.

त्या दिवशी लहानूनं सकाळपासून पांढरा शर्ट घातला होता. मुलाखत फोनवरून त्याचीच असल्यासारखा! कांतानं रव्याचे लाडू वळले होते. नरहरीसुद्धा येऊन बसला. मी त्याला म्हटलं, "आता बोल." तो गुपचूप लाडू खात राहिला. फोन आपल्या वेळेनं दुपारी चारला यायचा होता, तो संध्याकाळी साडेसहाला आला.

कांतानं आधी विचारलं, "झालं का व, सुजा?"

"नाही, आई. मी गेलीच नाही."

"अवं, कावून?"

ती म्हणाली, "बाबा आहेत का तिथं? बाबा, रिलीवर नाही आली."

मग तिनं सगळं सांगितलं. वॉर्डात तिची रात्रपाळी होती, ती सातला संपणार होती. पहाटे एका बाईला झटके यायला लागले. तिचं दोन दिवसांचं बाळ तेराशे ग्रॅमचं. उबेची पेटी एकच, तिच्यात आधीच दुसरं बाळ होतं. म्हणून सुजातानं ते आपल्या छातीशी बांधून घेतलं. तिथली नर्स आईपाशी अडकलेली, बाकीच्या सहा जणी आदल्या दिवशीच खेड्यातल्या शिबिराला गेलेल्या. सात वाजले, बदलीची नर्स आली नाही. साडेसातला गाडीचा हॉर्न वाजला. विजयकुमार सर धावत आत आले आणि म्हणाले, "बाळ झाडूवाल्या मावशींकडे दे, चल." पण मावशी एकटी, सगळा वॉर्ड तिच्याच अंगावर, आणि बाळ मध्येच श्वास विसरत होतं. विसरलं की तळपायाला टिचकी मारून आठवण करून द्यावी लागत होती. सुजातानं सरांना सांगितलं, "सर, चार्ज घ्यायला कोणी आलं नाही. मी कशी जाऊ?" सर रागावले, घड्याळ पाहिलं, मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. टीना गाडीतून रडत गेली. बदलीच्या नर्सची मिनीबस वाटेत बिघडली होती. ती बिचारी चालत चालत पावणेदहाला पोचली. सीट टीनाला मिळाली.

कांता डोळ्यांना पदर लावून बसली. मला वाटलं, लहानू आता काय बोलेल? वर्षभर ज्याच्यासाठी पोरगी झटली ते हातचं गेलं होतं. लहानूनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "चार्ज बरोबर देल्ला का मंग?"

"हो, बाबा. वजन, दूध किती, ताप किती, श्वास किती वेळा थांबला, सारं लिहून देल्लं. सही करूनच निघाली."

"बाळ?"

"आहे, बाबा. मस्त आहे."

"मंग झालं," लहानू म्हणाला.

फोन ठेवायच्या आधी ती एवढंच म्हणाली, "बाबा, त्या शाळेच्या बक्षिसापायी… मी लय बोलली होती तुमाले." लहानूनं फोन कांताच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत राहिला. मी माझा अर्धा लाडू ताटलीत परत ठेवला.

आता माझ्याबद्दल. त्या बक्षिसाच्या दिवशी न आलेला रिलीवर मी होतो. राजनांदगावला साळ्याकडे मटणाचा बेत होता. कुणाला न सांगता गेलो, खाऊन तिथेच लोळलो. दुसऱ्या दिवशी लहानूला म्हटलं, ताप होता. माझ्या शर्टावर रश्शाचा डाग होता, तो त्यानं पाहिला आणि काही बोलला नाही. पोरगी महिनाभर त्याच्याशी अबोला धरून होती, तेव्हा माझं नाव घेतलं असतं तरी त्याची सुटका झाली असती. त्यानं घेतलं नाही, कारण मग ती माझ्या दारात आली नसती, हे त्याला ठाऊक होतं. सहा वर्षं ती मला काका म्हणत आली, माझा रक्तदाब मोजत राहिली. मीही मोजून घेत राहिलो.

ती परत आली त्या दिवशी आम्ही दुर्ग स्टेशनवर गेलो. ती वाळली होती, काळवंडली होती, आणि गळ्यात तिकडचं पिवळं कापड गुंडाळलेलं होतं. बापलेक एकमेकांसमोर नुसतेच उभे राहिले. मला राहवलं नाही. तिथेच, हमालांच्या गर्दीत, मी तिला सगळं सांगून टाकलं. मटणासकट. "लहानूचा काही दोष नव्हता, बेटा. मी नालायक होतो."

तिनं बापाकडे पाहिलं. लहानू उगाच तिच्या बॅगेचा पट्टा आवळत होता. तिनं डोळे पुसले, त्याच्या हातातली बॅग काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काका, येत्या रविवारी कॉलेजात आमचा सत्कार आहे. अकरा वाजता. बाबाले घेऊन तुमी या. आणि वेळेवर या!"

रविवारी अकराला कार्यक्रम होता. मी आठलाच लहानूच्या दारात जाऊन उभा राहिलो.