वास नाही म्हणणारा फोमवाला

मंडळी, इस्लामपुरातलं आमचं पत्र्याचं घर उन्हात नुसती भट्टी होतं. माझे सासरे आबा सत्तरच्या दशकात पलटणीतून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी हा पत्रा घातला. आता त्यांना दमा आहे, म्हणून पत्र्याला आतून उष्णता अडवणारा फोम फवारून घ्यायचं ठरवलं.

आज सकाळी फोमवाला आला. "वास अजिबात न्हाई वहिनी, राती आतच झोपा," म्हणाला. तेवढ्यात त्याच्या कारागिराने अख्खा चेहरा झाकणारा मास्क चढवला.

आबा खाटेवरून बघत होते. "वास न्हाई, मग त्येला मास्क कशाला रं?"

"आवं आबा, कंपनीचा नियम हाय."

"बरं. मग फवारून झालं की तू आत माझ्याशेजारी बस. च्या तितंच घेऊ."

 मग फोमवाला हळूच मला म्हणाला, "आजची रात आबास्नी दुसरीकडं न्या. उद्याची पण."

मी काम थांबवलं. दुपारी पत्रा तापला, आबांना धाप लागली, तेव्हा काम थांबवून चुकले की काय असंही वाटलं. शेवटी त्यांना शेजारच्या स्लॅबच्या घरात नेऊन बसवलं.

तुमच्यापैकी कुणी असा फोम मारलाय का? किती दिवस बाहेर राहिलात? आणि असा फोम आग पकडतो असंही ऐकलंय, त्याबद्दल तुम्हाला कुणी खरं सांगितलं का?