सोमवारचा धूर

आम्ही गाव सोडलं ते बाजाराच्या दिवशी, भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. चारठाण्याच्या बाजाराला जायलोत असं सांगून अप्पांनी बैल जुंपले. मायनं धुतलेलं लुगडं वळणीवर तसंच ठेवलं आणि दाराला नुसती कडी घालून ती गाडीत चढली. कुलूप दिसलं असतं तर गावानं ओळखलं असतं. मी दहा वर्षांची. मला म्हणाली, "गिरजे, मागं वळून बघायचं न्हाई. बाजाराला जाणारं माणूस घराकडं बघत बसतं व्हय?"

नाही बघितलं. पण ते लुगडं अजून वाळायलंय, असं मला अधूनमधून वाटतं.

निझामाच्या राज्यातला तो शेवटचा श्रावण. शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक? निझामाची बाजू घेऊन गावोगाव फिरणाऱ्या घोडेवाल्यांची अशी धास्ती होती की गाडगं पडलं तरी बाया दचकायच्या. वऱ्हाडाच्या हद्दीकडं कुणी निघालंय असं कळलं की ते वाटेत गाठायचे. शेजारच्या गावचं एक घर असंच निघालं होतं. त्यांची नुसती गाडी ओढ्यात सापडली. माणसं नाहीत, बैलही नाहीत.

तर आडावर पाणी शेंदताना बायकांनी आपसात एक ठरवलं. पुरुषांना ते मागाहून कळलं. घर रिकामं झालं की सकाळचा धूर निघत नाही, आणि चावडीवर बसणाऱ्याला तेवढं बरोबर दिसतं. म्हणून जी मागं राहील तिनं गेलेल्या घरची चूल चार दिवस पेटवायची. गाडी हद्दीपार होईपर्यंत. आमच्या आळीत आमची, लिंगायतांची, तीन घरं. दोन गेली, त्यांच्या चुली मायनं पेटवल्या. तिसरं घर आमचंच. आता आमची चूल कोण पेटवणार?

भिंतीला भिंत लागून खैरूनखालाचं घर होतं, पिंजाऱ्याचं. तिला कुणी विचारलंही नव्हतं. भिंतीवरून मान काढून तीच म्हणाली, "मी हाय की, वैनी. का माझ्या हातचा धूर वाकडा जातो?" माय हसली, आणि हसता हसता रडली.

श्रावणातली वाट म्हणजे काळा चिखल. दोन दिवसांत जेमतेम निम्मी वाट सरली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकर मागितली तर माय म्हणाली, "आज न्हाई खायाचं. श्रावणी सोमवार हाय." आणि बोलता बोलता तिचा हात फडक्याच्या गाठीवरच राहिला.

सोमवार! श्रावणी सोमवारी आमच्यात सकाळी चूल पेटत नाही. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा झाल्यावर स्वयंपाक. सारं गाव हे जाणून होतं. त्या दोन घरच्या चुली पेटवताना मायनं सोमवार आपोआप पाळला होता. आमच्यात ते सांगावं लागतच नव्हतं. म्हणूनच खैरूनखालाला सांगायचं राहिलं. आता ती बिचारी रोजच्यासारखी सकाळीच चूल फुंकणार, चावडीवरचा कुणीतरी म्हणणार, अरे, यांच्या घरी सोमवारी सकाळीच धूर कसा? मग तिचंही मरण आणि आमचंही.

"परतावं का?" मायनं विचारलं. अप्पांनी गाडी ज्वारीत घातली आणि आम्ही चिखलात बसून राहिलो. दुपारी टापा वाजल्या. मायनं माझं तोंड इतकं दाबलं की दात ओठात रुतले. आलं कोण, तर एका कुंभाराची गाढवं! कुणाला हसू आलं नाही. त्या दिवशी मला भूक लागली नाही, तहान लागली नाही. नुसता डोळ्यांपुढं आमच्या छपरावरचा धूर.

हद्द ओलांडली, मेहकरच्या अंगाला छावणीत राहिलो. महिनाभरात राज्य बुडालं. सामान आणायला म्हणून आम्ही परत गेलो, तर भीतीनं घर बदललं होतं. आता खैरूनखालाचं दार बंद, कापूस पिंजायची कमान मुकी. पारावर गावातली काही माणसं तिच्या दाराकडं बघत बसलेली. त्यांचं ते बघणं मला घोडेवाल्यांच्या टापांपेक्षा वाईट वाटलं.

मायनं गोवरीचा तुकडा घेतला. आमच्या घरानं त्या दारातून कधी विस्तव आणला नव्हता. तेव्हा तशी रीतच नव्हती. ती पारासमोरून हळूहळू चालत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "खैरून, विस्तव दे गं! माझी चूल थंड हाय." दार उघडलं. पुढं रोज सकाळी, आम्ही होतो तोवर, माय तसाच विस्तव आणायची. पारावरची माणसं हळूहळू उठून गेली.

त्या सोमवारचं विचारलं तेव्हा खाला चिडलीच. "वीस वर्सं भिंतीला भिंत! तुमचा सोमवार मला कुणी सांगावा लागतो व्हय? घोडेवाले आल्ते सकाळी, चूल का बंद म्हणून. म्हनलं, आज उपास हाय त्यांचा, सांजच्याला या. आले न्हाईत. सांजच्याला पेटवली मी, दिवा लावून."

अप्पांनी मग अकोल्यात दुकान टाकलं आणि गाव सुटलं ते सुटलंच. मागं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, इथं फ्लॅटमध्ये गॅस आहे. धूर नाही. कुणाची चूल पेटली नाही हे कुणाला कळत नाही, आणि खरं सांगते, त्या ज्वारीत बसले होते तशीच भीती मला कधीकधी या सोफ्यावर वाटते. म्हणून मी दारं ठोठावत फिरते. तिसऱ्या मजल्यावर दुधाची पिशवी लटकत राहिली की वर जाते. सून म्हणते, "कशाला लोकांच्या घरात डोकावता?" बिल्डिंगमधल्या बायकांना एवढंच सांगते, एकमेकींचा उपास तरी माहीत असू द्या.

परवा समोरच्या दारातली नवी मुलगी खीर घेऊन आली, संध्याकाळी सात वाजता. सकाळी केलेली, म्हणाली. म्हटलं, सकाळीच का नाही आणलीस?

"आजी, आज सोमवार ना तुमचा?"

मी तिला हे कधीच सांगितलं नव्हतं.