वाटीत उरलेले घास

माझ्या सासूबाई खोटं बोलतात, असा संशय मला पहिल्यांदा आहारतज्ज्ञ बाईंच्या टेबलासमोर आला. मुलगा दीड वर्षाचा होता. लसीच्या वेळी डॉक्टरांनी त्याला काट्यावर ठेवलं, वजन मागच्या वेळेइतकंच भरलं, आणि त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे टेबलावर लहानमोठ्या वाट्या आणि चमचे मांडलेले. काल उठल्यापासून झोपेपर्यंत बाळानं काय खाल्लं आणि कोणत्या वाटीनं, ते सांगायचं. मी हिंजवडीला कंपनीत. सकाळी बसनं गेले की अंधार पडल्यावर धायरीला उगवणार. त्यामुळे उत्तर द्यायचं ते सासूबाईंनी.

"काही खात नाही हो," त्या म्हणाल्या. "दोन चमचे वरणभात. तोही थुंकते."

बाईंनी हिशेब केला. उष्मांक कमी, लोह कमी, सगळंच कमी. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपण काही महिने घरी राहू शकाल का? या वयात आई जवळ असली की मुलं खातात." सासूबाईंनी इतक्या चटकन मान डोलावली की माझ्या मनात पाल चुकचुकली.

नवरा तेव्हा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होता. फोनवर म्हणाला, "आई कशाला खोटं बोलेल?" मुलगे असंच म्हणतात. सासूबाई अमरावतीकडच्या, नातवाला सांभाळायला आमच्याकडे येऊन राहिलेल्या. सुनेनं नोकरी करावी हे त्यांना मनातून पटत नाही, असं माझं ठाम मत होतं आणि त्याला काडीचाही पुरावा नव्हता. इकडे मॅनेजरला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं: नव्या प्रोजेक्टवर येणार की लांब रजेवर जाणार. लांब रजेवरून परतलेल्या बाईला पुन्हा चांगलं काम मिळतं, असं आमच्या कंपनीत फक्त एचआरवाले म्हणायचे.

मी स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा आणला. सकाळी निघताना बाळाची खिचडी तोलून झाकून ठेवायची. उरेल ती सासूबाईंनी फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे आल्यावर मी ती तोलणार. उष्टं फ्रिजमध्ये ठेवायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"लेकराचं खाणं तराजूत घालते का कोणी? भाजी आहे का ते?"

संध्याकाळी येऊन बघावं, तर वाटी घासून पालथी घातलेली. काही उरलंच नाही म्हणायच्या. आता दोन चमचे खाणाऱ्या मुलाची वाटी रिकामी होत असेल, तर खिचडी एक तर केराच्या डब्यात जाते किंवा दुसऱ्या कुणाच्या पोटात. त्यात शेजारीण सहज म्हणाली, "तुमच्याकडे भर दुपारी पडदे ओढलेले असतात, नाही?" हे ऐकल्यावर तर मला ऑफिसात चैन पडेना.

बुधवारी डोकं दुखतंय असं सांगून मी दुपारीच निघाले. किल्लीनं हळूच दार उघडलं. पडदे खरंच ओढलेले होते. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर मुलगा. त्या त्याच्याशी बोलत बोलत भरवत होत्या, आणि माझा न खाणारा मुलगा घासामागून घास मागत होता. पोट भरलं तशी त्यानं मान वळवली. वाटीत थोडी खिचडी उरली होती. ती सासूबाईंनी खाल्ली, वाटीत पाणी ओतून तेही प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"आई, हा तर छान खातो! मग त्या बाईंना काय सांगितलंत?"

त्या दचकल्या, पण लगेच सावरल्या. "परक्या बाईपाशी लेकराचं खाणं सांगते का कोणी? नजर लागते. काही खात नाही, असंच म्हणावं लागते. पडदा कायले लावला मग मी?"

मी कपाळावर हात मारला. मागच्या महिन्यात दात येताना त्याला जुलाब झाले होते, वजन तिथंच अडलं असणार. मला हायसं वाटलं आणि भयंकर रागही आला. "आणि त्यांनी मला घरी बसा म्हटल्यावर मान कशाला डोलावलीत? तेही नजर लागू नये म्हणून?"

त्यांनी मुलाचं तोंड पुसलं. "नाही. ते खरंच होतं. तू घरी राहली असती तर मले बरं वाटलं असतं. दिवसभर मी अन् हे लेकरू. इथं बोलाले माणूस नाही. एकटीच्या गळ्याखाली घास उतरत नाही."

"म्हणजे तुम्ही दुपारी जेवत नाही?"

"हे काय, आता जेवली ना मी."

मला घरी थांबवण्यासाठी तर असं बोलत नसतील, ही शंका तेव्हाही आलीच. मी उठून पोळ्यांचा डबा उघडला. सकाळी त्यांच्यासाठी करून ठेवलेल्या पोळ्या जशाच्या तशा होत्या. रोज मी येईपर्यंत डबा रिकामा असायचा, म्हणून कधी विचारलं नव्हतं.

"गाईले घालते," त्या हळूच म्हणाल्या.

मी दोन ताटं घेतली. त्या जराही आढेवेढे न घेता समोर बसल्या, होत्या तेवढ्या पोळ्या संपवल्या आणि अजून आहे का, असं विचारलं. मी कणीक भिजवायला घेतली. लांब रजेवर जायचं नाही, हे आता ठरलं होतं. उद्या दुपारी यांच्याबरोबर कोण जेवणार, ते मात्र मला काही केल्या सुचत नव्हतं.